यंत्राचा ताप

मनुष्य जगांतील प्रत्येक गोष्ट आपल्या देहाच्या मापानें मोजतो, असें आम्हीं वर्गांत अनेक वेळां सांगितलें आहे. परंतु हें विधान सांगणारासही लागूं पडतें, ही जाणीव आम्हांस गेल्या मे महिन्यांत झाली. तिला निमित्त झाला आमच्या चिरंजीवांचा संगणक.

चिरंजीव पुण्यास अभियांत्रिकीचें शिक्षण घेतात. सुटींत वेंगुर्ल्यास येतांना त्यांनीं गोधडींत गुंडाळून एक पेटी आणली. हा संगणक लिहिण्यावाचण्याच्या साध्या कामाचा नव्हे. खेळांसाठीं मुद्दाम जुळविलेला. तरुण मनुष्यानें रात्रीच्या रात्री पडद्यावरील शत्रूंचा निःपात करण्यांत घालवाव्या, हें आम्हांस मुळींच पसंत नव्हतें. पण दारांत आलेल्या पेटीची सोय लावणें प्राप्तच होतें. आमचें घर बंदराजवळ. येथील खारी हवा खिडकीचे गज खाते आणि देव्हाऱ्यांतील पितळ काळें करते. तेव्हां पेटी आम्हीं फणसाच्या लांकडाच्या जुन्या कपाटांत ठेवविली, दार नेहमीं लावून घेण्याची ताकीद दिली, आणि आमच्या मंडळींनीं तिच्यावर क्रोशाचा रुमालही घातला.

तिसऱ्या सायंकाळीं खेळ ऐन रंगांत असतां पडद्याच्या कोपऱ्यांतील एक आंकडा आम्हांस दिसला : ९४.

"हें काय रे?"

"प्रोसेसरचें उष्णतामान, बाबा. सेल्सिअसमध्यें."

आमच्या घरांतला ताप मोजण्याचा तापमापक ४२ अंशांवर संपतो. समुद्रकांठीं चहाचें पाणी १०० अंशांस उकळतें. म्हणजे हें यंत्र उकळण्यास अवघे सहाच अंश उरले होते! आम्हीं तत्क्षणीं खेळ बंद करविला. खरें सांगावयाचें तर त्या आंकड्यानें आम्हांस जितकें भय वाटलें, त्याहून आनंदच अधिक झाला. जी गोष्ट नीतीच्या आधारानें पटवितां आली नव्हती, ती आतां विज्ञानाच्या आधारानें बजावतां येत होती. चिरंजीव म्हणूं लागले, "मर्यादा शंभराची आहे, बाबा, पण इतकें चढावयास नको. कपाट..." तें वाक्य आम्हीं पुरें होऊं दिलें नाहीं.

पुढील तीन दिवस घरांत जेवणें मुक्यानेंच झालीं. शेजारच्या वृद्ध मावशींनीं कुंपणावरून विचारलें, "मास्तरांनू, यंत्राक ताप इलो काय?" आम्हीं गंभीरपणें होकार दिला.

चौथ्या रात्रीं झोंप येईना, म्हणून आम्हीं निर्मात्यांचीं तांत्रिक पत्रकें वाचावयास घेतलीं. प्रत्येक प्रोसेसरास त्याच्या निर्मात्यानें उष्णतेची एक कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. इंटेलच्या २०२२ सालच्या कोअर आय-९ १३९०० के या प्रोसेसरची ती मर्यादा १०० अंश. एएमडीच्या त्याच वर्षींच्या रायझेन ९ ७९५० एक्सची ९५. आणि २०२३ सालच्या रायझेन ७ ७८०० एक्स-थ्रीडीची ८९. म्हणजे जो आंकडा एकास चालतो, तो दुसऱ्यास चालत नाहीं. मर्यादा गांठतांच प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो. तरीही उष्णता आवरली नाहीं, तर यंत्र स्वतःस बंद करून घेतें. तेव्हां भडका उडण्याचें आमचें भय निराधार होतें. मात्र सततची अतिउष्णता वेग खाते आणि यंत्राचें आयुष्यही झिजवते. सामान्यतः खेळ चालूं असतां ६५ ते ८० अंश ही समाधानाची स्थिति समजावी. आंकडा क्षणभर वर गेला म्हणून घाबरूं नये. परंतु नव्वदाच्या आसपास तो ठाण मांडून बसला, तर कारण शोधावें.

याहूनही एक चमत्कारिक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. मे महिन्यांतील वेंगुर्ल्याची ३३ अंशांची हवा आम्हांस नकोशी होते, कारण दमट हवेंत घाम वाळत नाहीं. पण यंत्रास घाम येतच नाहीं! त्याची उष्णता धातूच्या पातळ पत्र्यांवरून वाहणारा वारा नेतो, आणि त्या वाऱ्याच्या दमटपणापेक्षां त्याचें उष्णतामान महत्त्वाचें. म्हणून नागपूरचें ४५ अंशांचें कोरडें ऊन त्यास आपल्या किनाऱ्याहून अधिक जाचेल. काम तेंच असेल, तर खोली दहा अंशांनीं तापली कीं प्रोसेसरही सुमारें तितकाच अधिक तापतो. कारण पंखा त्यास भोवतालच्या हवेहून थंड करूं शकत नाहीं. मग बंद कपाटांत तो पंखा कोणती हवा ओढणार? स्वतः टाकलेलीच! फणसाचें लांकूड, लावलेलें दार, वर क्रोशाचा रुमाल : ताप यंत्राचा नव्हता, आम्हींच त्याला पांघरूण घातलें होतें.

सकाळीं आम्हीं चिरंजीवांस उठवून खेळ लावण्यास सांगितलें. ते आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. आंकडा पुन्हां नव्वदीवर गेला, तेव्हां आम्हीं आपल्या हातानें रुमाल काढला आणि कपाटाचें दार उघडलें. दहा मिनिटांत आंकडा ७९ वर आला.

"त्या दिवशीं मी हेंच सांगत होतों," ते हळूच म्हणाले.

"सांगत होतास. आम्हीं ऐकलें नाहीं."

एवढें एक वाक्य उच्चारण्यास आम्हांस तीन दिवस लागले होते. त्यानंतर पेटी उघड्या मेजावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवली. महिन्यांतून एकदां तिच्यांतील धूळ झाडावयाची, आणि यंत्र बंद होऊन निवल्यावरच खाऱ्या हवेसाठीं तिच्यावर रुमाल घालावयाचा, असें ठरलें.

खेळांविषयींचें आमचें मत बदललेलें नाहीं. मात्र चिरंजीव पुण्यास परतल्यापासून आमच्या दूरध्वनीवरील संभाषणांत एक भर पडली आहे. पूर्वीं "पैसे पुरतात ना?" या प्रश्नापाशीं तें संपत असे. आतां आम्ही विचारतों, "आज किती?" ते सांगतात, "एकाहत्तर." मग कोणता खेळ, कोण जिंकलें, रात्रीं किती वाजतां झोंप घेतली, हें सारें ते आपण होऊन सांगतात, आणि आम्ही त्यांचें वाक्य पुरें होऊं देतों.