‘शरद’ चालतो, ‘निखिल’ अडतो

पुण्यातल्या वेब इंजिनिअरचा सीव्ही चाळला की कोणत्या काळात कशाची चलती होती ते कळतं. २००६ सालची जेक्वेरी, मग २०१०ची अँग्युलरजेएस, २०१३ची रिॲक्ट. अँग्युलरची दुसरी आवृत्ती २०१६ साली अशी आली, की जुना कोड तिच्यात चालेचना. शिकलेलं बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हिंजवडीच्या गर्दीत अर्धी नोकरी काढलेली एक सीनिअर इंजिनिअर हे सगळं शिकली, आणि त्यातलं बरंचसं विसरलीही. ऑफिसात तिला हाक येते ती मात्र सीव्हीत कुठेच नसलेल्या कामासाठी. “जरा बघतेस का? मराठी फाटलंय.”

फाटण्याच्या तऱ्हा ती लांबूनच ओळखते. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, तर फार काळजी नाही. फॉन्ट नाही एवढंच, मजकूर शाबूत आहे. रोमन ‘ए’, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, शेजारी कसलंसं चिन्ह, आणि पुन्हा पुन्हा तोच ‘ए’ अशी वेलबुट्टी दिसली, तरी मजकूर वाचवता येतो. सगळ्या लिपींसाठी एकच असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या साठवणुकीत साध्या देवनागरीतला प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो आणि त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा एकच असतो. ते बाइट ठीकच असतात, वाचणारा प्रोग्रॅम त्यांना दुसऱ्याच लिपीचे समजून बसलेला असतो. पण पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं ओळीनं उभी असली, की ती पहिला प्रश्न विचारते, “बॅकअप कधीचा आहे?” कारण अशा वेळी बहुधा डेटाबेसनं न पेललेल्या प्रत्येक वर्णाच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलेलं असतं, त्यातून मूळ मजकूर परत निघत नाही. मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली ८.० आवृत्ती येईपर्यंत, वेगळं काही सांगितलं नाही तर टेबल लॅटिन-१ वर्णसंचात तयार व्हायचं. टेबल करणाऱ्यानं ‘मराठीत कोण भरणार?’ असं गृहीत धरलेलं असायचं. लोक भरायचे.

ही नजर तिला जुन्या मराठी साइट युनिकोडमध्ये आणण्याच्या कामातून आली. त्याआधी मराठी साइटवर ज्याचा-त्याचा खासगी फॉन्ट असे. पोटात इंग्रजी अक्षरांचे कोड, वर मराठी वळणाचा मुखवटा. फॉन्ट काढला की खाली अगम्य रोमन अक्षरांचा कचरा. भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाण १९९१ सालीच ठरलं होतं, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या रूपावरूनच घेतलेली. तरी छापखान्यांकडून आलेला मजकूर आपापल्या फॉन्टाच्या भाषेतच बोलत राहिला.

ऐकणाऱ्याला वाटतं, या अक्षराऐवजी ते अक्षर टाकलं की झालं काम. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. त्यातलं ‘र्मि’ जुन्या फॉन्टात दिसतं त्या क्रमानं लिहिलेलं असायचं: आधी वेलांटी, मग म, शेवटी डोक्यावरचा रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: आधी र, मग हलन्ताची खूण, मग म, शेवटी वेलांटी. म्हणजे अक्षरं बदलायची आणि वर त्यांची रांगही उलटी फिरवायची. मध्ये जोडाक्षर आलं की वेलांटीला त्या सगळ्यावरून उडी मारायला लावायची. त्यासाठी नियम लिहावे लागतात, आणि नियम लिहायला जोडाक्षर कसं बनतं ते कळावं लागतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी शिकवत नाही, पण ज्यानं शाळेत बाराखडी नीट घोटली त्याला इथे चक्क फायदा होतो.

युनिकोड आल्यावर सगळं सुरळीत झालं, असं बाहेरच्यांना वाटतं. एका साइटवरच्या सर्चमध्ये ‘ॲप’ टाकलं की निम्मे लेख सापडायचे, निम्मे नाहीत. कारण पोटात होतं. ‘ॲ’ हा स्वतंत्र वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीपासून, आणि अजूनही काही कीबोर्डांवर, लोक ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र वेगवेगळे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची युनिकोडची ठरलेली पद्धत आहे, पण ती या दोघांना एक करत नाही. तीच गोष्ट ‘कऱ्हाड’ची. अर्धा र कुणी नुक्त्याच्या ‘ऱ’नं लिहितो, तर कुणी साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा एक जोडवर्ण घालतो. तिनं यावर केलेला उपाय साधा आहे: लेखकानं लिहिलेला मजकूर तसाच ठेवायचा, सर्चसाठी मात्र त्याची वेगळी प्रत करून त्यात अशी सगळी रूपं एका रूपात आणायची, आणि शोधणाऱ्याच्या शब्दालाही तेच करायचं. अशा कामाचा डेमो देता येत नाही. मॅनेजरला दाखवायला नवं बटण नाही, रंग नाही. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये हे कोणत्या रकान्यात लिहायचं, हा तिला पडलेला प्रश्न रास्तच म्हणायचा.

मोजण्याचंही तेच. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारली तर ती ४ सांगते, कारण क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार वर्ण. मथळा ठरावीक लांबीवर कापणारा प्रोग्रॅम म्हणूनच कधी कधी शब्द मधेच मोडून, लोंबकळता हलन्त ठेवून पसार होतो. लिंकचं तर विचारूच नका. मराठी मथळ्याची लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की बहुधा एकेका वर्णाची नऊ रोमन चिन्हं होतात आणि आजोबांना वाटतं, व्हायरस आला.

मागे एका अर्जात नावाची चौकट तपासायची होती: फक्त अक्षरं चालतील, आकडे आणि चिन्हं नकोत. कोड लिहिणाऱ्या मुलानं, रोमनपुरतं न लिहिता जगातल्या सगळ्या लिपींतली अक्षरं चालतील असा नियम घातला होता. शहाणपणाचंच काम. टेस्टिंगवाली म्हणाली, “अगं, मी मराठीत भरून बघितलं, चाललं की!” तिनं भरलं होतं ‘शरद’. शरद, कमल, मदन ही नावं बिनमात्रांची, त्यामुळे बिनबोभाट आत गेली. ‘निखिल’ भरल्यावर लाल अक्षरांत सूचना आली, कृपया योग्य नाव लिहा. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही ‘अक्षरं’ नाहीत, ‘खुणा’ आहेत, आणि नियमात खुणांना जागा नव्हती. दुरुस्ती एका ओळीच्याही आतली.

आता तिच्या टीममध्ये नवीन अर्ज टेस्टिंगला जातो तेव्हा नावांची यादी बरोबर जाते. त्यात शरद आहेच. शिवाय ऋतुजा, श्रद्धा, ज्ञानेश्वर, कुऱ्हाडे, आणि दोन्ही प्रकारे लिहिलेली ॲनी. हल्ली कोड पुष्कळदा एआयकडून लिहून घेतात. तोही नियम झटकन देतो, दिसायला नेटका. टीममधली मुलं तो घेतात आणि आधी यादी चालवून बघतात. परवा एकानं त्यात स्वतःच्या आजीचं नाव घातलं: द्वारकाबाई. ‘द्वा’वर काही अडलं नाही. यादीत नाव तसंच ठेवलंय.