किती चुली विझल्या?

अनुदानाच्या अर्जात बहुतेक वेळा एक रकाना असतो : या प्रकल्पामुळे किती पारंपरिक चुली बंद होतील? आमची छोटी कंपनी कमी धुराच्या, लाकडावर चालणाऱ्या शेगड्या बनवते आणि मी तिच्यासाठी असे अर्ज लिहिते. पहिली दोन वर्षं त्या रकान्यात मी शेगड्यांचाच आकडा भरत होते. पाचशे शेगड्या, म्हणजे पाचशे चुली बंद. कुणी कधी शंका घेतली नाही.

मग सिहोऱ्याला जाणं झालं. मी जबलपूरच्याच मराठी घरातली. कटनीकडे जाताना सिहोरा रोड स्टेशन कितीदा गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं, उतरले मात्र पहिल्यांदाच. मोजणीला एक माणूस कमी होता, म्हणून मला पाठवलं होतं. सकाळी घरातली लाकडं ताणकाट्यावर तोलायची, दुसऱ्या दिवशी उरलेली पुन्हा तोलायची, फरक वहीत लिहायचा. असे तीन दिवस. त्या फरकावरून वर्षाला किती लाकूड वाचलं, हवेत जाणारा किती कार्बन वाचला, हे गणित मांडलं जातं आणि ते पुढे माझ्या अर्जात येतं.

तिसऱ्या दिवशी मोजणी आटोपल्यावर एका घरी वही विसरली. संध्याकाळी परत गेले तर अंगणात धूर. काकींनी गोवऱ्या पेटवल्या होत्या आणि निखाऱ्यांत कणकेचे गोळे भाजत होते. शेजारी भर्त्याची वांगी. गक्कड-भर्ता हे आमच्या महाकोशलातलं लाडकं जेवण. मला पाहून काकी ओशाळल्या. म्हणाल्या, "दीदी, तुम लोग तौल रहे थे, तो तीन दिन नहीं बनाए."

आमच्या शेगडीवर एक भांडं बसतं, गक्कड भाजता येत नाही. घरात उज्ज्वला योजनेचा सिलिंडरही होता. तो चहाला, पाहुण्यांना आणि पावसात लाकडं भिजली की. वीस जणांचा भात मातीच्या चुलीवर. प्रत्येकीचं काम ठरलेलं होतं. आमची शेगडी त्यांत आणखी एक झाली होती, चूल विझली नव्हती. आणि माझ्या वहीतले तीन दिवस आमच्यासाठी, मान राखून, वेगळे जगलेले होते.

मला आजी आठवली. घरात गॅस आल्यावरही भरताचं वांगं ती कोळशाच्या शेगडीवरच भाजायची. थंडीत तिचा खोकला थांबायचा नाही, आणि दोन्हींचा संबंध आम्ही कुणीच जोडला नाही.

काकींचं घर अपवाद नव्हतं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी जोडण्या झाल्या. त्याच वर्षी 'कॅग'च्या अहवालात आलं की वर्षाहून जुन्या लाभार्थ्यांचा सरासरी वापर वर्षाला ३.२१ सिलिंडर आहे. म्हणजे एक सिलिंडर जवळपास चार महिने. ओडिशात सुधारित चुलींवर हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन यांनी काही वर्षं पाहणी केली. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातून जाणारा धूर कमी झाला, पण वापर आणि डागडुजी मागे पडली तसा तो फायदाही ओसरला. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर सस्टेनॅबिलिटी'त आलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की तपासलेल्या चूल प्रकल्पांना मिळालेलं कार्बनचं श्रेय खऱ्या बचतीच्या सुमारे नऊपट होतं. ते आकडेही कुणीतरी माझ्यासारखंच टेबलाशी बसून लिहिले असतील. आणि निम्मा धूर गेला म्हणून आजार निम्मे होत नाहीत.

परतल्यावर पुढच्या अर्जात मी लिहिलं : बहुतेक घरांत जुनी चूलही चालू राहील. मसुदा वाचणारे वरिष्ठ म्हणाले, "खरं आहे, पण इथे कशाला?" त्यांचंही चूक नव्हतं. कारखान्यात पत्रा कापणाऱ्या माणसांचे पगार त्याच पैशांतून व्हायचे होते. मी ते वाक्य ठेवलं. अनुदान मिळालं नाही. कारण कळवलं नाही, त्यामुळे दोष त्या वाक्याचा होता की नाही, कधी कळणार नाही. कारखान्यातल्या लोकांसमोर जायला मला काही दिवस जड गेलं.

दुसऱ्या वर्षी दुसरीकडे तोच मजकूर पाठवला. थोडे पैसे मिळाले, मागितल्याच्या निम्म्याहून कमी. त्यातून शेगड्या कमी बनवल्या आणि दुरुस्तीला गावोगाव फिरणारा एक माणूस ठेवला.

आता मी दोन आकडे लिहिते : किती शेगड्या दिल्या, आणि वर्षानंतर किती घरांत त्या रोज पेटतात. दुसरा नेहमी लहान असतो. मोजणीआधी आम्ही सांगतो, रोज करता तेच करा, गक्कडसुद्धा.

मागच्या थंडीत काकींकडे गेले, तर त्यांनी लाकडांच्या शेजारी गोवऱ्यांची टोपलीही आणून ठेवली. म्हणाल्या, "ये भी तौल लो." मी तोलली आणि वहीत नवा रकाना आखला.