रजा, नौका आणि मणी

परमुलखी नेमणूक झालेल्या सरकारी नोकराची रजा ही त्याची स्वतःची नसते. वर्षाकाठी तीस दिवसांची अर्जित रजा त्याच्या खात्यावर जमा होते खरी. पण जमा होण्यापूर्वीच तिचे वाटप झालेले असते. चुलतभावाचे लग्न, वडिलांचे श्राद्ध, गावच्या घराची कौले, सातबाऱ्यावरील कोणते तरी नाव, या सर्वांना आपापला वाटा हवा असतो. तंजावरास येऊन आम्हांला सहा वर्षे झाली. या अवधीत आम्ही रजेवर पुष्कळदा गेलो. विश्रांती घेतली असे मात्र एकदाही म्हणवत नाही. म्हणून यंदा आम्ही उभयतांनी निश्चय केला की, एक आठवडा कोठेही पोहोचण्याची घाई नसलेल्या नावेत आणि पाण्याकाठी घालवायचा, आणि बरोबर मणीला न्यायचे.

मणी हा आमचा कुत्रा. मराठी कानांना हे नाव मांजरीचे वाटेल. तमिळ मुलखात ते कुत्र्यांना सर्रास ठेवतात. वास्तविक तो ‘आमचा’ म्हणणेही पूर्णपणे खरे नाही. आमच्या क्वार्टरात पूर्वी राहणारे गृहस्थ बदली होऊन उत्तरेकडे गेले, तेव्हा चार कुंड्या, पाण्याचे एक पिंप आणि मणी एवढा ऐवज मागे राहिला. आम्ही राहावयास आलो तेव्हा तो फाटकापाशी बसून रस्त्याकडे पाहत असे, आणि पुढे तीन आठवडे त्याने तो नेम मोडला नाही. मग एके दिवशी तो दहीभात खाऊन आमच्या पायपुसण्यावर झोपला. तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ‘ये’. त्यामुळे आम्ही गाणे ऐकताना ‘वा!’ म्हटले की तो धावत येतो, आणि आमच्या रसिकतेवर शेपटीने शिक्कामोर्तब करतो.

नौकाविहाराची कल्पना आम्हांला तंजावरच्या कालव्यानेच दिली. करिकाल चोळाच्या नावाशी निगडित असलेल्या कल्लणै बंधाऱ्यापासून निघणारा मोठा कालवा १९३४ साली, मेट्टूर धरणाबरोबरच, पुरा झाला. तो शहरातून वाहत पुढे ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टैकडे जातो. लोक त्याला अद्यापि ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी, असेच म्हणतात. नव्वद वर्षे उलटली तरी तिचे नवेपण सरलेले नाही. मणीसह संध्याकाळी त्याच्या काठाने फिरताना मनात येई, की या पाण्यावर एक नाव सोडून द्यावी आणि वाटेतील गावे बसल्या जागी पाहावी. परंतु हा कालवा शेतीसाठी आहे, सहलीसाठी नव्हे. ठिकठिकाणी दरवाजे, जागोजाग उतार, आणि पाणीही पाळीने येणारे. मेट्टूरचे पाणी १२ जूनला सोडावे आणि २८ जानेवारीला बंद करावे, असा शिरस्ता आहे. त्यानंतर आमच्या नव्या नदीत मुले क्रिकेट खेळतात.

इंग्लंडात मात्र जुन्या मालवाहू कालव्यांतून अरुंद नावेत सुटी घालवण्याची रूढी चांगलीच रुजली आहे. ताशी चार मैलांहून अधिक वेगाने जाण्यास तेथे मनाई असते, आणि टपावर किंवा नाळेशी बहुधा एखादा कुत्रा बसलेला असतो. या प्रकाराला लोकप्रियता मिळवून देणाऱ्या लेखकाचे नाव एल. टी. सी. रोल्ट. १९३९ साली तो पत्नीसह ‘क्रेसी’ नावाच्या नावेत राहावयास गेला, आणि त्या प्रवासावरील त्याचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आद्याक्षरांना केंद्र सरकारच्या नोकरांनी वंदनच केले पाहिजे. आमच्या एल. टी. सी.त, म्हणजे रजा प्रवास सवलतीत, भाड्याने घेतलेली खासगी नाव बसत नाही, आणि ‘कुटुंब’ या शब्दाच्या व्याख्येत कुत्राही नाही. तेव्हा हा सर्व खर्च पदरचा. पदराची लांबी पाहून आम्ही ठरवले, की नावेत दोनच रात्री काढायच्या आणि उरलेल्या दिवसांसाठी कालव्याकाठच्या घरात एक खोली घ्यायची.

स्थळ ठरले केरळातील कुट्टनाड. तंजावरप्रमाणे तोही भाताचाच मुलूख. परंतु तेथील शेते समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. बांध घालून पाणी बाहेर थोपवलेले असल्यामुळे कालव्यातील नाव वर आणि भातशेती खाली, असे चमत्कारिक दृश्य दिसते. काथ्याने फळ्या शिवून, खिळा न मारता बांधलेल्या ‘केट्टुवळ्ळम’ नावांतून पूर्वी भात वाहिला जाई. रस्ते झाले, नावांचा धंदा बसला, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यावर खोल्या चढवून प्रवासी नेऊ लागले. आलप्पुळ्यात अशा एकाच खोलीच्या नावाही मिळतात.

नावेच्या मालकांशी बोलणी करताना मणीचा प्रश्न निघालाच. दोघांनी स्वच्छ नकार दिला. तिसऱ्याने विचारले, “तो पाण्याला भितो काय?” हा प्रश्न आम्हांला आवडला. त्याच्याशी ठरले ते असे : सकाळी आणि संध्याकाळी नाव बांधाला लावायची, म्हणजे मणीला पाय मोकळे करता येतील, दुपारी छपराखाली राहायचे, नाळेशी त्याला साखळी न बांधता अंगपट्टा घालायचा. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास कोळ्यांची जाळी पाण्यात पडतात, तेव्हा या नावांनी नांगर टाकायचा असतो. रात्रीचा प्रवास नाही, हे आम्हांला आणि मणीला सारखेच सोयीचे आहे.

जाण्यायेण्याचा विचार अधिक अवघड. आगगाडीत कुत्रा आपल्याजवळ ठेवायचा तर पहिल्या वर्गातील अख्खा कक्ष घ्यावा लागतो. एरवी त्याची जागा गार्डाच्या डब्यातील पेटीत. युधिष्ठिरालाही रथात कुत्र्यासाठी हुज्जत घालावी लागली होती, आणि तो तर राजा होता. आम्ही मोटार ठरवली : दिंडुक्कल, तेनी, कुमळी, कोट्टयम, आणि तेनीस एक मुक्काम. दर दोन तासांनी थांबायचे. तंजावरच्या मराठे राजांनी रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी नीडामंगलम, ओरत्तनाडू येथे छत्रे बांधली, तीही चालणाऱ्याचे पाय कोठे थकतील याचा विचार करूनच. आम्ही तोच हिशेब मणीच्या पायांनी मांडला आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे नाव बढतीच्या यादीत वर आले आहे. बढतीबरोबर बदली येईल, आणि ती कोठली असेल हे सांगता येत नाही. मणी आता दहा वर्षांचा आहे. त्याने तंजावरच्या बाहेरचा वास कधी घेतलेला नाही. मोटारीत तो कसा बसतो, परक्या जागी झोपतो की नाही, पाणी पितो की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही. हे सात दिवस आमच्यासाठी विश्रांतीचे असले, तरी त्याची ती परीक्षा आहे. तो उतरला, तर बदलीच्या सामानात त्याची जागा पक्की. नाही उतरला, तर काय करावयाचे याचे उत्तर आम्ही अजून एकमेकांना विचारलेले नाही.

गावी कळवणे भाग होते. आई फोनवर म्हणाली, “तिकडच्या पाण्याला काय सोनं लागलंय?” आणि मग थोड्या वेळाने, “कुत्र्याला मात्र घेऊन जा. मागे टाकू नका.” दोन वर्षांपूर्वी आली असताना तिने त्याला सज्जनगडाचा अंगारा लावला होता.

२८ जानेवारीनंतर येथले पाणी बंद होईल. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघू. पशुवैद्याचा दाखला आणि लशीचा कागद तयार आहे. रजेचा अर्जही दिला. त्यात ‘कारण’ या रकान्यात ‘खासगी काम’ लिहिले, तेवढे सोपे होते. ‘रजेच्या काळातील पत्ता’ या रकान्यापाशी मात्र हात थांबला. सहा वर्षे तेथे एकच पत्ता, न पाहता, लिहिला जात आला होता. पुष्कळ विचारांती आम्ही लिहिले : ‘नेडुमुडीजवळ, नावेत.’ अर्ज मंजूर होऊन परत आला. वरिष्ठांनी त्या ओळीखाली तांबड्या शाईने एवढीच सूचना केली आहे, की मोबाइल क्रमांक द्यावा.