मशीदबंदर ते भिवंडी

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांना हिमालय तरी हवा असतो, नाही तर विलायत तरी. दिवाळी अंकात काश्मीरची सरोवरे आणि केरळची नारळीची बने यांची रेलचेल असताना मशीदबंदरहून वाशीमार्गे भिवंडीला गेलेल्या माणसाचे कोण ऐकणार, अशी शंका प्रथम आमच्या घरातच निघाली. "त्यात पाहण्यासारखे काय आहे?" असा सरळ प्रश्न आला. मी म्हटले, "आपला तांदूळ, आपली हळद आणि चिरंजीवांनी परवा घरबसल्या मागवलेले बूट ज्या वाटेने आले, ती वाट आहे." हे उत्तर कोणालाही पटले नाही. तेव्हा भाद्रपद सरता सरता एका शनिवारी, डबा घेऊन मी एकटाच निघालो.

मशीदबंदरला उतरणाऱ्या बहुतेकांना या स्थानकाचे नाव मुसलमानांच्या मशिदीवरून पडले असे वाटते. जाणकार निराळेच सांगतात. जवळच सॅम्युएल स्ट्रीटवर बेने इस्रायल समाजाचे १७९६ साली स्थापन झालेले प्रार्थनामंदिर आहे. घरात मराठी बोलणारे हे यहुदी त्याला 'मशीद'च म्हणत आणि तेच नाव पुढे गाडीच्या पाटीवर चढले. शब्दांचे असेच असते. 'वखार' म्हटली की आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातली सुरतेची वखार आठवते, नाही तर कोपऱ्यावरची लाकडाची. 'हमाल' अरबी मुलखातून आला आणि 'माथाडी' मात्र इथल्याच मातीतला, माथ्यावर ओझे वाहणारा. ओझे आणि माणूस यांचा संबंध एकाच शब्दात सांगणारे असे नाव दुसरे नसावे.

या गल्ल्यांतून आजही हातगाड्या ओढल्या जातात, "बाजू, बाजू" असा पुकारा होतो आणि आपल्यासारखा पांढरपेशा भिंतीला चिकटून उभा राहतो. पण दाणाबंदरचे जुने वैभव आता येथे नाही. घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. त्या आधी सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पुणे जिल्ह्यांतल्या डोंगरकपारींतून आलेली हजारो माणसे येथे शंभर शंभर किलोची पोती पाठीवर वाहत होती. मोठ्या माणसाने हाताने वाहायचे ओझे ५५ किलोपेक्षा जास्त असू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केली. शंभर किलोचे पोते उचलणाऱ्याच्या कानावर ती गेली असेल, असे वाटत नाही.

हार्बरच्या गाडीने वाशीस पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मसाला बाजारात शिरताच मिरचीच्या खाटाने शिंका सुरू झाल्या. माझी ती अवस्था पाहून एका गाळ्याबाहेर बसलेले वयस्क गृहस्थ हसले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. आयुष्यभर माथाडी म्हणून राबून आता निवृत्त झालेले. पण घरी करमत नाही म्हणून बाजारात येऊन बसतात. सगळे त्यांना 'आबा' म्हणत होते, म्हणून मीही आबा म्हटले. कायदा येण्याआधी त्यांच्या वडिलांनी दाणाबंदरावर हमाली केली होती.

आबा म्हणाले, "मास्तर, तवा शेठ म्हनायचा, तू माझा नोकर न्हाईस. मुकादम म्हनायचा, मी तरी कुठं मालक हाय? मग थप्पीवरनं पोतं पडून पाय मोडला, तर मानसानं जायाचं कुनाकडं? गावाकडं! दुसरं काय?"

साऱ्या प्रश्नाचे मर्म या चार वाक्यांत आहे. गिरणीतल्या मजुराला निदान एक गिरणी असते. तिला दरवाजा असतो आणि त्या दरवाजासमोर बसता येते. हमाल सकाळी एका पेढीचे पोते उचलतो आणि दुपारी दुसरीचे. मालक अनेक, म्हणजेच मालक कोणीच नाही. म्हणून कारखान्यांचे कायदे त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली आणि मुंबईत पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणले, ते या अडचणीवर उपाय शोधण्यासाठीच.

तो उपाय १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने आला. त्याची रचना इतकी साधी आहे की ती आधीच कशी सुचली नाही याचे नवल वाटते. व्यापाऱ्याने मंडळाकडे नाव नोंदवायचे आणि कामगारानेही. मजुरी कामगाराच्या हातावर न टेकवता व्यापाऱ्याने ती मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेली लेव्हीही द्यायची. मंडळ कामगाराला पगार देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी यांची सोय पाहते. मंडळावर मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने, जोडीला सरकारचे. थोडक्यात, ज्याला एक मालक नव्हता, त्याला कायद्याने एक दरवाजा मिळाला. पुढे कोपरखैरणे, घणसोलीला माथाडींची स्वतःची घरे झाली. आबांची एक नात आज महाविद्यालयात शिकते, हे सांगताना त्यांचा आवाज नकळत चढला.

सारेच गोड आहे असे कोणी समजू नये. माथाडीचे नाव सांगून पैसे उकळणाऱ्या बोगस टोळ्यांविषयी उद्योजक तक्रार करतात आणि तीत तथ्य असते. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आले, तेव्हा माथाडी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण उंदीर झाले म्हणून कोणी कणगी जाळीत नाही, इतके शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कोणालाही कळते.

दुपारनंतर वाशीहून ठाणे, तेथून बाळकुम, आणि कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीची हद्द. भिवंडी म्हणजे यंत्रमागाचे गाव, ही आमच्या पिढीची समजूत. आता काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली या गावांच्या भातशेतीवर मैलोगणती पत्र्याची छपरे पसरली आहेत. मुंबईच्या जकातीच्या नाक्याबाहेर माल साठवणे सोयीचे, म्हणून आधी साधी गोदामे झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत. उलट एकेक छप्पर आमच्या महाविद्यालयाच्या मैदानाहून मोठे झाले. येथे कालिदासाचा मेघ आला असता तर त्याला खाली जमीन दिसली नसती.

माझा एक जुना विद्यार्थी यांपैकी एका गोदामात काम करतो. मराठी घेऊन बी. ए. झाला, नोकरी लागेना, म्हणून येथे आला. त्याची पाळी सुटेपर्यंत मी समोरच्या टपरीवर थांबलो. अंगावर ठेकेदाराचे जाकीट, डोळे तांबारलेले.

"दमलास की रे," मी म्हणालो.

"सर, ओझं तसं हलकंच असतं. एका खोक्यात साबणाच्या चार वड्या, दुसऱ्यात लहान मुलाचा चेंडू. पण थांबता येत नाही. हातात स्कॅनर असतो, तो तासाला किती वस्तू झाल्या ते मोजतो. पाणी प्यायला गेलं तरी आकडा खाली येतो. दिवाळीच्या तोंडावर तर विचारूच नका."

"मग साहेबांना सांगावे."

"कोणत्या साहेबांना, सर? गोदाम एकाचं, माल दुसऱ्याचा, आम्ही ठेकेदाराचे. आणि ठेकेदारही बदलतो."

मी चमकलो. सकाळी वाशीला आबांनी त्यांच्या वडिलांच्या काळाविषयी जे सांगितले, तेच हा पंचविशीतला पोरगा शुद्ध मराठीत सांगत होता. पोते गेले, खोके आले; मुकादम गेला, ठेकेदार आला; 'तू माझा नोकर नाहीस' हे वाक्य मात्र जागचे हललेले नाही. हे केवळ भिवंडीचे दुखणे नव्हे. २०२४ च्या उन्हाळ्यात हरियाणातील मानेसरच्या एका गोदामात, ठरलेल्या गाड्या रिकाम्या होईपर्यंत पाण्याला किंवा लघवीला जाणार नाही अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याच्या बातम्या आल्या आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पत्र्याखालचा उकाडा ज्याने अनुभवला आहे, त्याला या शपथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

संघटना म्हटले की आपल्या मध्यमवर्गीय घरांत कपाळाला आठ्या पडतात. संप, घोषणा, बंद डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या प्राध्यापकांच्या, बँकवाल्यांच्या, विमावाल्यांच्या संघटना आहेतच की. वेतनश्रेणी आपल्याला कोणी दिवाळीची ओवाळणी म्हणून दिलेली नाही. एकट्या माणसाने पाण्याची सुट्टी मागितली तर तो कामचुकार ठरतो. शंभरांनी मागितली तर तो नियम होतो. दोन दिवसांत घरी येणारे खोके तिसऱ्या दिवशी आले, तर आपल्या दिवाळीचे काही बिघडत नाही. भिवंडीतल्या पोराला मात्र त्या एका दिवसात बसून जेवता येते.

निघताना त्याने खिशातून चौपदरी घडी केलेला कागद काढला. संघटनेच्या नोंदणीच्या अर्जाचा मसुदा होता. "शुद्धलेखन तपासून द्या, सर," म्हणाला. अर्जाला किमान सात जणांच्या सह्या लागतात. शिवाय तिथल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तितके सभासद हवेत. हे सारे त्याने स्वतःच वाचून काढले होते.

मी दिव्याखाली कागद धरला. ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. खाली चार सह्या होत्या.

"उरलेल्या तिघांचे काय?" मी विचारले.

"दोघे म्हणतात दिवाळीचा पगार हातात पडू द्या, मग करू. एक जण उद्या करतो म्हणालाय."