भीमेच्या काठाकाठाने

समुद्रकाठी वाढलेल्या माणसांना नदीचे फारसे कौतुक नसते. आमचे पाणी ओहोटीला गेले तरी काही तासांनी परत येते. म्हणूनच, उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात आम्ही चौघा मित्रांनी मोटारीने भीमेच्या काठाने अफजलपूरपर्यंत जाण्याचा बेत केला, तेव्हा ‘त्या रखरखीत मुलखात पाहण्यासारखे आहे तरी काय?’ असे घरच्या मंडळींनी विचारलेच.

सोलापूर सोडून प्रथम हत्तरसंग कुडल गाठले. येथे सीना भीमेस मिळते. संगमावरील प्राचीन देवळाच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, मराठी लेख आहे. आपल्या भाषेची इतकी जुनी अक्षरे पैठणास वा पुण्यास नव्हे, तर कानडी मुलखाच्या वेशीवर सापडावीत, याची आम्हांस मोठी गंमत वाटली.

अक्कलकोट मागे पडले आणि पाट्यांची लिपी बदलली. माणसे मात्र बदलली नाहीत. गुलबर्गा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबादमधून म्हैसूर राज्यात गेला, तरी अफजलपूरच्या बाजारातील घासाघीस आजही दोन्ही भाषांत ऐकू येते. दुतर्फा काळी जमीन, कणसांवर आलेली ज्वारी, खळ्यांत तुरीच्या राशी. रखरखीत कसले? आमच्यापैकी एक शेतकरी आहे. तो तर दर अर्ध्या मैलावर गाडी थांबवावयास लावी.

पुढे देवल गाणगापूरला भीमा-अमरजेचा संगम पाहिला. तेथे आलेले भाविक, मग ते घरचे कितीही श्रीमंत असोत, पाच घरी मधुकरी मागतात. हात पुढे करण्यास लाजणारे आम्ही ते दृश्य मुकाट्याने पाहत राहिलो.

परंतु मुख्य सांगावयाचे ते त्याआधीचे. अफजलपूर सोडल्यावर नदीकाठच्या एका खेड्याजवळ चाक पंक्चर झाले. समोरच्या धाब्याच्या घरातील एका आजींनी सावलीत बसविले; पाणी दिले, मागोमाग भाकरी आणि शेंगाचटणीही आली. आजींचे माहेर अक्कलकोटकडचे, त्यामुळे मराठी स्वच्छ. भिंतीवर पुरुषभर उंचीवर एक मळकट रेघ होती. ऑक्टोबर २०२० मध्ये वरच्या अंगाला अतिवृष्टी होऊन उजनी धरणातून पाणी सुटले आणि भीमेने काठची गावे बुडविली, तेव्हाची ती खूण. रात्रीतून माणसे व गुरे माळावर नेली. धान्याची पोती मात्र राहिली.

“आणि उन्हाळ्यात तीच नदी कोरडी पडते, बाबांनो,” त्या म्हणाल्या. “नको तेव्हा घरात येते, हवी तेव्हा पात्रातबी नसते.”

“मग वर माळावर घर का बांधत नाही?” आम्ही विचारले.

“वर पाणी कुठलं?”

रविवारची मिस्सा कलबुर्गीस मिळावी म्हणून आम्हांस निघणे भाग होते. तेथे २००५ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे, हे आम्ही त्यांना सांगत असताना त्यांचे लक्ष दुसरीकडेच होते.

“तुमच्या समुद्राचं पाणी घरात येतंय का?”

“घरात सहसा नाही, आजी. पण गोड पाण्याचा उपसा फार झाल्यापासून खारे पाणी विहिरींत येऊ लागले आहे.”

आजींनी आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि आमची रिकामी बाटली उचलून रांजणाकडे गेल्या.