प्रमाणपत्राची वेठ

म्युझियममध्ये इंटर्न म्हणून लागलो तेव्हा घरी काय सांगायचं याची पंचाईत झाली. आईला कळावं म्हणून 'शिकाऊ उमेदवार' म्हणालो. तिनं पहिलाच सवाल टाकला, "पगार किती?" पगार नाही. तीन महिने राबायचं, मग प्रमाणपत्र. माझ्या पणज्याला हे सांगितलं असतं तर तो हसला असता. महारकीत त्यानंही हेच केलं. सरकारी टपाल या गावाहून त्या गावाला, साहेबाच्या घोड्यापुढं पळणं, मयताची खबर पोचवणं. मोबदला म्हणजे वतनाचा तुकडा, शिळंपाकं बलुतं आणि वर 'तुझा मान आहे' हे ऐकणं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं ते उगीच नाही.

आमच्या खात्याचं नाव 'पब्लिक प्रोग्रॅमिंग'. व्याख्यानं, कार्यशाळा, शाळेच्या पोरांना मूर्ती-चित्रं दाखवत फिरवणं. काम चांगलं आहे, हे आधीच सांगतो. एकदा म्युनिसिपालिटीच्या शाळेची पोरं दगडी राजाराणीसमोर बसवली होती. एक पोरगी म्हणाली, "सर, हा दगड खाणीतनं कुणी आणला?" माहितीच्या पाटीवर राजाचं नाव होतं, शतक होतं, दगडाची जात होती. वाहणाऱ्याचं, घडवणाऱ्याचं काही नव्हतं. अर्धा तास आम्ही त्या दगडाच्या वाटेवरच बोललो. पोरं उठायला तयार नव्हती. असे दिवस थोडे. बाकी खुर्च्या मांडा, माइक तपासा, पाहुण्यांची गाडी बघा, वहीत सह्या घ्या.

दहा ते सहा तिथं. रात्री पार्सलच्या गोदामात पाकिटं लावायची, कारण गोवंडीचं भाडं प्रमाणपत्र दाखवून भरता येत नाही. सोबतचे इंटर्न चांगले होते, डबा वाटून खायचे. त्यांना घरनं गाडी सोडायची आणि पुढं परदेशी शिकायला जायचं होतं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण उद्या पगाराच्या जागेची जाहिरात येते, 'अनुभव हवा' म्हणते, तेव्हा तो अनुभव म्हणजे हाच. जातीचं नाव कुठंच लिहावं लागत नाही. नुसतं 'विनावेतन' लिहिलं की आपली पोरं आपोआप गाळली जातात. आणि मग दहा वर्षांनी हेच साहेब परिसंवादात विचारतात, तुमच्यातले लोक या क्षेत्रात का येत नाहीत?

बडोद्याच्या महाराजांनी महिन्याला साडेअकरा पौंड दिले म्हणून बाबासाहेब १९१३ साली कोलंबियात शिकायला जाऊ शकले. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा त्यांनी सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी. पोट आणि घड्याळ, दोन्ही त्यांनी हिशेबात धरलं होतं.

ज्यांच्या पँथरचं नाव आपण १९७२ साली घेतलं त्या ब्लॅक माणसांच्या मुलखातलंही बघा. १९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंगला बडवणारे पोलीस कोर्टातनं सुटले आणि शहर पेटलं. त्यानंतर १९९३ पासून तिथल्या गेटी संस्थेनं, म्युझियममध्ये ज्यांना जागा मिळत नव्हती अशा समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप सुरू केली. पगार देऊन. उपकार नव्हेत ते, शहर पेटल्यावर सुचलेलं शहाणपण आहे. २०१९ साली तिथल्या म्युझियम-संचालकांच्या संघटनेनं ठरावच केला की इंटर्नला पैसे द्यावेत.

तेव्हा दोस्तांनो, अर्ज करा. जागा सोडू नका. पण मुलाखतीत 'काही विचारायचंय का?' म्हणतात, तिथं स्टायपेंडचंच विचारा. मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "इथं काम करायला मिळणं हाच मान आहे." मान! पणज्याचा शब्द, इस्त्री केलेला.

निमंत्रणांची यादी माझ्याकडंच असायची. कुलाब्यापासून वांद्र्यापर्यंत नावं. गोवंडी नाही, विक्रोळी नाही. ७ डिसेंबरला मात्र न बोलावता पब्लिक आलं. चैत्यभूमी करून मुंबई बघायला निघालेली परभणीकडची १४ माणसं, पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, खांद्याला पिशव्या. पिशव्या दारात ठेवायला तयार होईनात, आत पुस्तकं होती. आत आल्या, काचेतल्या बुद्धासमोर थांबल्या आणि चपला काढल्या. त्रिसरण सुरू झालं. पहारेकरी धावला, "पूजा चालणार नाही." एक म्हातारी मला म्हणाली, "लेकरा, ह्यो आपलाच बुद्ध ना? मंग ह्याला काचंत कामून कोंडला?" मी तिला सांगितलं, हात लागून दगड झिजतो, म्हणून काच. तिला ते पटलं. "मंग आमच्या वरडण्यानं झिजतो का?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं. तो बाजूला झाला. दीड तास मी त्यांना फिरवलं. यादीतल्या लोकांनी इतके प्रश्न कधी विचारले नव्हते.

महिन्याच्या अहवालात 'सहभागी प्रेक्षक' असा रकाना असतो. ७ तारखेसमोर मी १४ लिहिले. मॅडमनी पेन्सिलीनं गोल केला, "त्या दिवशी कार्यक्रम कुठं होता?" मी म्हणालो, बुद्धापुढं. आकडा खोडला नाही.

परवा नव्या इंटर्नची जाहिरात लागली. शेवटची ओळ तीच आहे.