हिवाळा, मोटारसायकल आणि टाकीवर बसलेलं मूल



तारीख माझ्या पक्की लक्षात आहे. २९ डिसेंबर २०१८, शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. त्या पहाटे नागपूरचं किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं. मे महिन्यात ४५ अंश मुकाट सोसणारे आम्ही नागपूरकर, पण थंडीची आम्हाला सवय नाही.

मी लकडगंजात राहतो. शाळा जिल्हा परिषदेची, मौदा तालुक्यात. भंडारा रोडने पारडी, कापसी, महालगाव करत मोटारसायकलने जायला तासभर लागतो. त्या दिवशी अंगात दोन स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्यावर माकडटोपी आणि त्यावर हेल्मेट असा माझा थाट होता. हात मात्र उघडे. हातमोजे घातले की क्लच नीट कळत नाही, असं माझं ठाम मत होतं.

कन्हान नदीच्या पुलावर दाट धुकं होतं. पूल ओलांडून थोडं पुढे गेलो तर एकदम समोर म्हैस! डोक्याने सांगितलं, ब्रेक दाब. पण बोटांनी ऐकलंच नाही. क्षणभराचाच उशीर झाला आणि गाडी रस्त्याच्या कडेला मातीत आडवी झाली. नशीब, गुडघा खरचटण्यावर निभावलं. म्हैस शांतपणे निघून गेली.

तसाच शाळेत पोहोचलो. फळ्यावर तारीख लिहायला खडू उचलला, तर तो हातातून सटकला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मुलं खदाखदा हसली. मीही हसलो. हसता हसता माझी नजर पहिलीतल्या एका मुलीकडे गेली. ती हसत नव्हती. दोन्ही हात काखेत घालून बसली होती आणि पेन्सिल पाटीशेजारी तशीच पडलेली होती.

त्याच आठवड्यात मी तिला दोनदा रागावलो होतो. "सगळ्यांचं लिहून झालं, तुझंच का होत नाही? एवढं वाकडं अक्षर?" ती काही बोलली नव्हती. सहा वर्षांचं मूल काय सांगणार? डी.एड.ला आम्ही परीक्षेत छान लिहून आलो होतो, मूल लिहीत नसेल तर आधी कारण शोधावं. मला ते कारण तेव्हा सापडलं, जेव्हा माझ्याच बोटांतून खडू पडला.

थंडी नाही, वारा

मित्रहो, गाडीवर आपल्याला जी थंडी वाजते ती थर्मामीटरमधली थंडी नसते. आपल्या अंगाभोवती गरम हवेचा एक पातळ थर असतो. शरीरच तो तापवतं. स्थिर उभे असलो की तो टिकतो. वारा आला की उडून जातो, शरीर पुन्हा नवा थर तापवतं, तोही उडतो. बाहेर वारा नसला तरी ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी चालवणारा माणूस स्वतःसाठी ताशी ५० किलोमीटरचा वारा तयार करत असतो.

पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकावर हे मोजलं होतं. प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगायचं आणि गोठायला किती वेळ लागतो ते बघायचं. १९४५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. २००१ साली अमेरिका आणि कॅनडाने सुधारलेलं सूत्र आणलं. त्या सूत्रात आकडे घालून मी गणित केलं. हवा १० अंश आणि वेग ५० असेल तर उघड्या त्वचेला साधारण साडेपाच अंशांसारखं वाटतं. ३.५ अंश असेल तर उणे ३ च्या आसपास! म्हणजे त्या शनिवारी माझे उघडे हात तासभर शून्याच्या खालची थंडी झेलत होते.

अशा वेळी शरीर आधी हृदय, फुप्फुसं असे आतले अवयव सांभाळतं. हातापायांचं रक्त कमी करतं. म्हणून बोटं आधी बधिर होतात. आणि ब्रेक, क्लच, पेन्सिल, खडू, सगळं बोटांचंच काम.

दूधवाल्याने शिकवलेला धडा

यावरचा उपाय मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. गावाकडून शहराकडे पहाटे कॅन घेऊन येणारे दूधवाले रोज मला समोरून भेटतात. महालगावजवळच्या टपरीवर त्यातल्या एका काकांनी माझे दोन स्वेटर बघून डोक्याला हात लावला. "सर, स्वेटर काय करते? हवा तं आत शिरते. वरून रेनकोट घाला, अन् छातीवर कालचा पेपर ठेवा."

रेनकोट? डिसेंबरात? पण खरं आहे. स्वेटरच्या विणीत हवा अडकते, तीच ऊब. वारा विणीतून आरपार गेला की ऊब संपली. रेनकोट वारा अडवतो, पण त्याला स्वतःची ऊब नाही. दोघं एकत्र आले तरच काम होतं. वर्तमानपत्राचंही तसंच. टूर द फ्रान्सचे सायकलपटूसुद्धा घाट उतरताना जर्सीच्या आत वर्तमानपत्र घालत आले आहेत.

आमचं लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार. आरा मशीनचा आवाज ऐकतच मी मोठा झालो. लहानपणी बर्फाच्या लाद्या भुशात झाकलेल्या बघायचो आणि प्रश्न पडायचा, भुशाने बर्फ थंड कसा राहतो? आता कळतं. भुशाच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते. ती बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. स्वेटर तेच काम उलट्या दिशेने करतो.

तेव्हापासून माझी तयारी अशी असते:

• छाती: बनियन, शर्ट, एकच स्वेटर, समोर वर्तमानपत्राची घडी, वरून रेनकोट.

• हात: हातमोजे थोडे सैल. घट्ट मोज्यांत रक्त नीट फिरत नाही. बाहीचं तोंड मोज्यात खोचलेलं, नाहीतर मनगटातून वारा थेट काखेपर्यंत जातो. क्लच कळत नाही हे माझं मत दोन दिवसांत बदललं.

• डोकं: जाड माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, सैल राहतं. त्यापेक्षा पातळ सुती टोपी किंवा रुमाल. काचेवर वाफ धरली तर काच बोटभर उघडी.

• मफलर, ओढणी, पदर: टोकं आत खोचलेली. ती चाकात किंवा चेनमध्ये गेली तर काय होतं ते सांगायला नको.

• पाय: मोजे आणि बंद बूट. चप्पल नाही.

• बोटं बधिर झालीच तर गाडी थांबवायची आणि हात काखेत. इंजिनला किंवा सायलेन्सरला हात लावायचा नाही. बधिर हाताला चटका उशिरा कळतो. शेकोटीलाही हीच गोष्ट लागू.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दहा मिनिटं आधी निघणं. वेग कमी म्हणजे वारा कमी.

"मले काही थंडी लागत नाही"

आता त्या मुलीची गोष्ट. सोमवारी मी मुद्दाम फाटकाशी उभा राहिलो. वडील तिला शेतावरच्या घरून मोटारसायकलने आणतात. ती टाकीवर बसलेली, अंगात फ्रॉक आणि एक विटका स्वेटर, हात हँडलच्या मधल्या लोखंडाला धरलेले. मी म्हटलं, "भाऊ, थंडी फार आहे हो."

ते हसून म्हणाले, "पोरगी समोर बसते ना सर, मले काही थंडी लागत नाही."

ते वाईट माणूस नाहीत, मित्रहो. लेक डोळ्यांसमोर असावी, मागे झोप लागून पडू नये, म्हणूनच ते तिला समोर बसवायचे. पण त्यांना थंडी का लागत नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. वारा त्यांच्या आधी तिला लागत होता.

मी तिथे काही बोललो नाही. पालकसभेत तीन सारख्या स्टीलच्या बाटल्या घेतल्या. तिन्हींत सारखंच गरम पाणी ओतलं. एक उघडी, एक लोकरीच्या मोज्यात, एक मोज्यात घालून वरून प्लास्टिकची पिशवी. समोर टेबलफॅन. पंधरा मिनिटांनी पालकांनाच बोट लावून बघायला सांगितलं. उघडी गार झाली होती. मोज्यातली कोमट. पिशवीवाली अजून गरम. मग मी एवढंच म्हणालो, "उघडी बाटली म्हणजे टाकीवर बसलेलं आपलं लेकरू." थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

कायद्याचंही सांगितलं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं. चार वर्षांखालच्या मुलांसाठी तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेटसोबत सुरक्षा पट्टा बंधनकारक आहे आणि वेग ताशी ४० च्या वर नको. मूल मोठं असलं तरी मागे बसवताना पट्टा बांधलेला बरा, पहाटे मुलं पेंगतात. हा नियमांचा भाग मी अलीकडच्या सभांमध्ये जोडला आहे, बाटल्यांचा प्रयोग मात्र तोच आहे.

शाळेतही एक बदल केला. हिवाळ्यात परिपाठ उन्हात. पहिली दहा मिनिटं लेखन नाही. टाळ्या, बडबडगीतं, तळहात चोळणं, मणी ओवणं. बोटं मोकळी झाली की मग पाटी. त्या मुलीचं अक्षर पंधरा दिवसांत सुधारलं असं मी म्हणणार नाही, पण तिने मला पाटी आणून दाखवायला सुरुवात केली. मी तिला "चुकलं माझं" म्हटलं. तिला किती कळलं, माहीत नाही.

जानेवारीत एक दिवस तिचे वडील फाटकाशी थांबले. मुलगी मागे, पट्ट्याने बांधलेली, अंगात त्यांचाच कापून शिवलेला जुना रेनकोट. ते स्वतः कुडकुडत होते, डोळ्यांत पाणी.

"सर," ते म्हणाले, "आता मले लागते थंडी."

उद्या सकाळी आपणही पाच मिनिटं शाळेच्या फाटकाशी उभे राहून बघा. कोण कसं येतं ते.